ट्राय तक्रारच घेत नाही, मग ग्राहकाला तिचा उपयोग काय?

वारणाकाठ (प्रश्न)

आईचं प्रीपेड सिम आहे, सांगलीत. साधा बटणांचा फोन, नेट नाही. तरी दर आठ-दहा दिवसांनी बॅलन्समधून पैसे जातात. कस्टमर केअर म्हणतं, "कॉलर ट्यूनची सेवा तुम्हीच चालू केली आहे." दुसरं प्रकरण पुण्यातल्या फायबर कनेक्शनचं. ते बंद करून दोन महिने झाले, राउटर परत दिल्याची पावती आहे, पण २,००० रुपये डिपॉझिट परत आलेलं नाही. दोन्हींबद्दल ट्रायला, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या नियामक संस्थेला, मेल केला. उत्तर आलं की वैयक्तिक तक्रारी ट्राय हाताळत नाही, कंपनीकडे जा. मग ही संस्था ग्राहकासाठी नेमकं करते काय? आणि आता दाद कुठे मागायची?

टॉवरखालचा

ट्रायने टाळाटाळ केलेली नाही, तिला तो अधिकारच नाही. १९९७च्या कायद्याने ट्राय आली. २००० साली दुरुस्ती होऊन निवाड्याचं काम तिच्याकडून काढून टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे दिलं. तिथेही कंपनीविरुद्ध ग्राहकांचा गट जाऊ शकतो, एकटा ग्राहक नाही. ट्रायकडे उरलं ते नियम करणं आणि कंपन्यांकडून ते पाळून घेणं. तुमचं काम त्या नियमांवर होईल, फक्त ते कंपनीच्या तोंडावर नेमके टाकावे लागतात.

२०१२च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कंपनीत दोन पायऱ्या असतात. पहिली तक्रार केंद्र, दुसरी अपील प्राधिकारी. पहिल्या पायरीवर एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची, ती म्हणजे डॉकेट नंबर, तक्रारीचा नोंदणी क्रमांक. तो एसएमएसने यायलाच हवा. ॲपमधल्या चॅटवर बोललात, गॅलरीत जाऊन भांडलात, ट्विटरवर कंपनीला टॅग केलंत, तर यातलं काहीही तक्रार म्हणून धरलं जाईलच असं नाही. पुष्कळदा एजंट तुमचं म्हणणं "रिक्वेस्ट" किंवा "क्वेरी" म्हणून नोंदवतो आणि तसाच नंबर देतो. फोन ठेवण्याआधी विचारा, "ही कम्प्लेंट म्हणून नोंदवली का? डॉकेट नंबर काय?" तक्रारीसाठी १९८ हा टोल-फ्री नंबर आहे, तो त्याच कंपनीच्या सिमवरून लावायचा.

बिलिंगच्या तक्रारीला चार ते सहा आठवड्यांची मुदत असते, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला की आठवड्याभरात पैसे खात्यात वळते व्हायला हवेत. ज्या तक्रारीला वेगळी मुदत ठरलेली नाही, तिला तीन दिवस.

मुदत संपली किंवा उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत अपील. फी नाही. मेलने, पोस्टाने किंवा स्वतः जाऊन देता येतं. निकाल ३९ दिवसांत. अपील आधी एका सल्लागार समितीपुढे जातं, त्यात ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचा एक माणूस आणि कंपनीचा एक असतो. शेवटी निकाल देणारा अधिकारी कंपनीचाच, त्यामुळे न्यायालयाची अपेक्षा ठेवू नका. पण कॉल सेंटरच्या पोराकडे नसलेला परताव्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

प्रत्येक कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता आणि मेल ट्रायच्या टीसीसीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर सर्कलनिहाय, म्हणजे दूरसंचार विभागानुसार मिळतो. मुंबई सर्कल वेगळं, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. सांगली आणि पुणे दोन्ही दुसऱ्यात. मुंबईच्या पत्त्यावर पाठवलंत तर आठवडाभर ते नुसतं फिरत राहील.

रेंज_गायब

आईच्या सिमचं आधी करा. पैसे अजून गळतायत.

१. त्याच फोनवरून १५५२२३ लावा, किंवा त्यावरच इंग्रजी अक्षरांत 'स्टॉप' असा एसएमएस पाठवा. सगळ्या कंपन्यांना हा एकच नंबर आहे, टोल-फ्री. चालू असलेल्या सेवांची यादी येते, त्या बंद करायच्या. बंद झाल्याचा एसएमएस पुसू नका.

२. गेल्या सहा महिन्यांचा तपशीलवार हिशेब मागा. प्रीपेडलाही तो मिळतो हे कॉल सेंटरला कधीकधी माहीत नसतं. कंपनी त्याचे जास्तीत जास्त ५० रुपये घेऊ शकते आणि ३० दिवसांत द्यावा लागतो. कुठल्या तारखेला, कुठल्या सेवेपोटी किती गेले, ते त्यात दिसतं.

३. मग तक्रार. इथे २०१३चा ट्रायचा आदेश कामाला येतो. कुठलीही मूल्यवर्धित सेवा (कॉलर ट्यूनसारखी, वेगळे पैसे लागणारी) चालू करायला ग्राहकाची दोनदा संमती लागते. आधी मागणी, मग वेगळ्या संदेशाला उत्तर देऊन पुष्टी. पुष्टी आली नाही तर सेवा चालू करायची नाही. म्हणून "मी चालू केली नाही" एवढंच म्हणू नका. असं लिहा:

"माझ्या क्रमांकावर अमुक तारखेला अमुक सेवा चालू करून इतके रुपये वजा केले. दोन्ही संमतींची तारीख, वेळ व माध्यम यांची नोंद द्यावी. नोंद नसल्यास आजवर वजा केलेली पूर्ण रक्कम परत करावी."

"तुम्हीच चालू केली" म्हणणाऱ्याला आता ते दाखवावं लागतं. साध्या फोनवर बहुतेकदा असं होतं की स्क्रीनवर आपोआप एक चौकट येते, माणूस ती घालवायला मधलं बटण दाबतो आणि तीच "होय" म्हणून धरली जाते. हा एकच दाब असतो, दुसरी पुष्टी सापडत नाही.

सिम आईच्या नावावर आहे की तुमच्या, हेही बघा. ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावानेच अर्ज करा.

कोर्टनाका

डिपॉझिटबद्दल. ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या सेवा गुणवत्तेच्या नियमांत, सेवा बंद झाल्यावर डिपॉझिट ४५ दिवसांत परत करायचं आहे. पूर्वी ६० होते. तुमचे दोन महिने झाले, म्हणजे मुदत उलटली. तक्रारीत तीन तारखा लिहा: बंद करण्याचा अर्ज, राउटर दिल्याची पावती, ४५वा दिवस. बंद करण्याचा अर्ज लेखी नसेल तर गोची होते, कारण कंपनी म्हणते कनेक्शन चालूच होतं आणि डिपॉझिटमधून भाडं कापते. राउटरच्या पावतीवर तारीख आणि सिरियल नंबर असेल तर ते म्हणणं टिकत नाही.

एक सावधगिरी. कनेक्शन गल्लीतल्या केबलवाल्याकडून असेल, तर बिलावर परवानाधारक कंपनी कोण ते वाचा. केबलवाला बहुधा फ्रँचायझी असतो. अपील परवानाधारकाकडे करायचं.

अपिलातही काही झालं नाही तर ग्राहक आयोग. "टेलिफोनचा वाद ग्राहक मंचात चालत नाही" असं अजून बरेच जण सांगतात. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने टेलिग्राफ कायद्यातल्या कलम ७-बवर बोट ठेवून तसंच म्हटलं होतं. पण फेब्रुवारी २०२२मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या प्रकरणात त्याच न्यायालयाने ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असल्याचं स्पष्ट केलं. २०२३च्या दूरसंचार कायद्यातही ग्राहक संरक्षण कायद्याखालचा हक्क शाबूत ठेवला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा. २,००० रुपयांसाठी आयोगात जायला कंटाळा येतो हे कंपन्यांना चांगलं ठाऊक असतं.

मधुरा_नाशिक

थोडं अवांतर, पण आईला नेट नको असेल तर डेटाचं रिचार्ज मारू नका. डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीने फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. अशा व्हाउचरची वैधताही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. पण किंमत ट्रायने ठरवली नाही. मोबाइलचे दर कंपन्याच ठरवतात, ट्रायला फक्त कळवतात. त्यामुळे पॅक आहेत, पण स्वस्त म्हणावेत असे नाहीत. नियामक दाराची रुंदी ठरवतो आणि तिकिटाचा दर मात्र सोडून देतो, हे मला पटत नाही.

नुसतं इनकमिंगसाठी सिम ठेवायचं असेल तर दुसरा नियम: ९० दिवस काहीच वापर नसेल तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो, आणि तेव्हा बॅलन्स २० रुपये किंवा जास्त असेल तर २० रुपये कापून ३० दिवस वाढवून द्यावे लागतात. म्हणून कॉलर ट्यूनने बॅलन्स खाल्ला की नंबरही धोक्यात येतो.

वारणाकाठ

फार उपयोगी. दोन शंका. हे सगळं होईपर्यंत आईचं सिम दुसऱ्या कंपनीत पोर्ट करू का? आणि तिला "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत नंबर बंद होईल" असा फोनही येऊन गेला.

रेंज_गायब

तो फोन फसवणुकीचा. ट्राय कुणालाही नंबर बंद करण्यासाठी फोन किंवा मेसेज करत नाही. संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये नोंदवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

साधे जाहिरातीचे कॉल असतील तर १९०९. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनंतर कॉल आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते (आधी तीन होते), त्यासाठी डीएनडीत (जाहिराती नकोत म्हणणाऱ्यांच्या यादीत) नाव असायला लागत नाही. एका नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. फोनमधल्या ॲपमध्ये नंबर नुसता ब्लॉक केलात तर ती तक्रार म्हणून या पाचांत मोजली जात नाही.

टॉवरखालचा

पोर्ट करायची घाई नको. प्रीपेड नंबर पोर्ट झाला की उरलेला बॅलन्स बुडतो, आणि जुन्या कंपनीचं १९८ त्या सिमवरून लागत नाही. आधी तपशीलवार हिशेब आणि डॉकेट हातात येऊ द्या.

नंतर पोर्ट करायचंच असेल, तर आताच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. इंग्रजीत 'पोर्ट', मग जागा सोडून मोबाइल नंबर, असं १९००वर पाठवा. येणारा यूपीसी कोड (नवीन कंपनीला द्यायचा पोर्टिंगचा कोड) आपल्याकडे चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर पोर्ट होतो, मुंबईच्या सर्कलमध्ये जायचं असेल तर पाच. सिम हरवलं किंवा खराब झालं म्हणून बदलून घेतलं असेल, तर जुलै २०२४च्या नियमाप्रमाणे पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. सिम स्वॅप करून नंबर पळवणाऱ्यांना आळा घालायला ते केलंय, तेव्हा गॅलरीवाल्याशी त्यावरून हुज्जत घालू नका.