मदत हवी आहे : काळ्या गाडीवर पांढरे डाग आणि चरे, पॅड कोणतं आणि पॉलिश कोणतं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. बॉनेटवर आणि टपावर पांढरे डाग पडलेत. उन्हात गाडी काढली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात. हाताने रबिंग करून पाहिलं, तर चकाकी आणखीच गेली. मशीन मिळालं आहे. ऑनलाइन पिवळं, केशरी, पांढरं, काळं, लोकरीचं असे ढीगभर पॅड दिसतायत. कोणतं पॅड आणि कोणतं पॉलिश एवढंच सांगा, आज रात्रीच ऑर्डर टाकायची आहे. शनिवारी बाबा येतायत. गाडी त्यांची आहे, विश्वासाने माझ्याकडे ठेवली आहे.

सातारकर_७
मशीन रोटरी (पॅड नुसतं गोल फिरवणारं) की डीए (ड्युअल ॲक्शन)? गाडी किती जुनी? रंग कंपनीचाच की नंतर मारलेला? डाग कशाचे? नाडी न बघता औषध कसं सांगू?

गोदाकाठ
गाडी २०१९ ची. डाग पार्किंगमधले. मशीन मित्राचं आहे, ग्राइंडरसारखं दिसतं. पॅड सांगा ना.

अण्णा_पेंटर
डेंटिंग-पेंटिंगमध्ये माझी तीस वर्षं गेली. लोकरीचं पॅड लावा, रबिंग कंपाउंड घ्या, मशीन १२००-१५०० फेऱ्यांवर ठेवा. मग फोमचं पॅड लावून पॉलिश. दुपारभराचं काम आहे. बाकी सगळा वेळकाढूपणा.

सातारकर_७
अण्णा, तुमच्या हाताला सवय आहे, यांच्या नाही. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. रोटरी एका जागी क्षणभर जास्त रेंगाळली की तिथे रंग तापतो, आणि बॉनेटच्या कडेला तर थर आधीच पातळ असतो. तिथे एकदा आतला रंग उघडा पडला की पॉलिशने परत येत नाही, पेंटच करावा लागतो. डीएमध्ये पॅड फिरतं आणि डोलतंही, जास्त दाबलं तर फिरायचं थांबतं. शिकणाऱ्याने तेच घ्यावं.

अण्णा_पेंटर
डीएने खोल चरे जात नाहीत. गिऱ्हाइकाला सांगून बघा, की चार तास फिरवलं आणि चरा तिथेच आहे.

सातारकर_७
खोल चरा कुठे आहे? ते जाळं म्हणतायत.

निनाद_डोंबिवली
इन्शुरन्समधून होतं का विचारा ना, झालं तर बॉनेट नवं रंगवून मिळेल. फक्त नो क्लेम बोनस बघा. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, सलग पाच वर्षं नसेल तर ५० टक्के सूट असते. एका क्लेममध्ये ती जाते.

मृदुला_ठाणे
पार्किंगमधले डाग म्हणजे बेसमेंटच्या स्लॅबमधून ठिबकणाऱ्या पाण्याचे का? तसं असेल तर पॅडचा विषय नंतरचा. पाणी काँक्रीटमधून झिरपताना चुना घेऊन येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होऊन गाडीवर कडक पापुद्रा बसतो. कोरड्या फडक्याने पुसलं तर तोच खडा रंगावरून घासत जातो.

गोदाकाठ
मृदुलाताई, अगदी तेच. बेसमेंटच आहे. गाडी पुसायला येणारा मुलगा रोज कोरड्या कापडानेच पुसतो, मी कधी लक्षच दिलं नाही.

मृदुला_ठाणे
मग आधी चुना विरघळवा. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी, टिशू भिजवून डागावर ठेवायचे. दोन-तीन मिनिटं, वाळू द्यायचं नाही, मग भरपूर पाण्याने धुवायचं. पत्रा गार हवा, उन्हात अजिबात नको. नाही निघालं तर पुन्हा. चुना तसाच ठेवून मशीन लावलंत तर पॅडमध्ये खडे अडकून नवे चरे पडतील.

विदर्भवासी
पांढरी टूथपेस्ट लावा, माझ्या बाइकच्या टाकीवर जमलं होतं.

सातारकर_७
टूथपेस्ट दातासाठी आहे. तिच्यातले घासणारे कण किती जाड, कोणाला माहीत? काळ्या रंगावर धुसरपणा येईल.

निनाद_डोंबिवली
पण सोसायटीने गळती काढायला नको का? आमच्याकडे तीन पावसाळे वॉटरप्रूफिंगचा ठराव नुसता फिरतोय. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोटो जोडा.

मृदुला_ठाणे
अर्ज द्याच. आणि तोवर गाडी त्या जागेवरून हलवा.

अण्णा_पेंटर
गोदाकाठ, एक सांगा. मशीन ग्राइंडर"सारखं" आहे म्हणालात. त्याच्या पाटीवर काय लिहिलंय?

गोदाकाठ
आत्ता बघितलं. ११००० आरपीएम. वेग कमी-जास्त करायचं बटण नाही.

अण्णा_पेंटर
ते लोखंड कापायचं अँगल ग्राइंडर आहे! गाडीला लावू नका. क्षणात रंग जळेल. हे आधी कळलं असतं तर रोटरीचं मी बोललोच नसतो. सातारकर म्हणतात तसं डीए मिळवा, भाड्याने मिळालं तरी चालेल.

गोदाकाठ
बापरे. आणखी एक राहिलंच. बॉनेटवर फांदी पडली होती, तेव्हा ते गॅरेजमध्ये रंगवून घेतलं होतं. २०२२ मध्ये. टप कंपनीचाच आहे.

अण्णा_पेंटर
हे पहिल्या ओळीत हवं होतं. गॅरेजचा क्लिअर नीट तापवून सुकवला नसेल तर नरम राहतो. टप आणि बॉनेट वेगळे समजा. एकाला चालेल ते दुसऱ्याला चालेलच असं नाही. बॉनेटला लोकर नकोच, माझंही हेच मत.

सातारकर_७
आता पॅड सांगतो. पहिली गोष्ट, पॅडच्या रंगावर जाऊ नका. लेक कंट्री कंपनीचं पिवळं फोम कापणारं आहे आणि मेग्वायर्सचं पिवळं पॉलिशिंगचं. त्यामुळे पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग लिहिलंय ते वाचा. पाच इंची पॉलिशिंगचे तीन घ्या, एक कटिंगचं, एक फिनिशिंगचं. तीन यासाठी, की पॅड पॉलिशने भरलं की काम करत नाही, नुसतं पसरवतं. प्रत्येक भागानंतर ब्रशने झाडायचं.

पॉलिशमध्ये मेग्वायर्स एम २०५ किंवा मेन्झर्ना २५०० यातलं एक. एम १०५ आणि मेन्झर्ना ४०० यांचा कट, म्हणजे थर घासून काढण्याची ताकद, जास्त आहे, सुरुवात त्यांनी करू नका. बॉनेटच्या मधोमध दोन फूट बाय दोन फूट जागा घ्या, पॉलिशिंग पॅड, शेंगदाण्याएवढे चार थेंब. पॅड टेकवून मगच मशीन सुरू करा. हळूहळू आडवे-उभे चार-पाच हात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याने पुसून टॉर्चखाली बघा. हे पुसणं टाळू नका, नाहीतर पॉलिशच्या तेलाने चरे भरलेले दिसतात आणि पुढच्या धुण्यात परत उघडे पडतात. जाळं गेलं असेल तर तेच पॅड सगळीकडे. नसेल गेलं तरच एक पायरी वर.

अण्णा_पेंटर
आणि कडांना, बॉनेटच्या उभ्या रेघांना मास्किंग टेप लावा. चऱ्यात नख अडकत असेल तर त्याच्या मागे लागू नका, क्लिअर संपेल आणि चरा राहील.

रोहित_पिंपरी
थेट सिरॅमिक कोटिंग करा, सगळं झाकलं जातं.

सातारकर_७
झाकलं जात नाही. पारदर्शक असतं ते, खालचे चरे तसेच दिसतात आणि नंतर काढायचे तर आधी कोटिंग घासावं लागतं. आधी दुरुस्ती, मग कोटिंग.

गोदाकाठ (शुक्रवार, रात्री)
डीए भाड्याने मिळालं. व्हिनेगर तीनदा लावलं, पांढरा पापुद्रा निघाला, पण बॉनेटवर दोन जागी गोल खुणा राहिल्या. नखाला लागतात. पॉलिशिंग पॅड आणि एम २०५ वर बॉनेटचं जाळं गेलं, अल्कोहोलने पुसूनही आलं नाही. टपावर त्याच जोडीने निम्मंच गेलं.

अण्णा_पेंटर
त्या दोन खुणा राहू द्या. चुन्याने क्लिअर खाल्लाय तिथे. टपाला कटिंगचं पॅड लावा, पॉलिश तेच ठेवा.

गोदाकाठ
सकाळी सहाला उठून टप करतो. बाबा अकराला पोहोचतात. त्या दोन खुणा त्यांना मीच दाखवणार आहे. सोसायटीचा अर्जही लिहून ठेवलाय.