गावाबाहेरची पांढर: शेतात पसरायची की राखायची?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावापासून दोनेक किलोमीटरवर, गिरणा नदीच्या काठाला एक पांढर आहे, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीची जागा. जुन्या महसुली कागदात तिथे एका गावाचं नाव आहे आणि पुढे शेरा आहे 'बेचिराख'. मूळ शब्द बेचिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. आज तिथे मारुतीचा ओटा आहे, बुजलेली विहीर आहे आणि आठ-दहा फूट उंचीचं पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत जेसीबीने त्याची पूर्वेची बाजू उभी कापून नेली. माती शेतात खत म्हणून पडते.

मागच्या रविवारी त्या कापलेल्या भिंतीसमोर तासभर बसलो होतो. वीतभर राखेचा पट्टा, त्याखाली चोपून घट्ट केलेली जमीन, पुन्हा राख, पुन्हा जमीन. एका ठिकाणी चूल अर्धी कापली गेलीय. भाजून लाल झालेली माती घोड्याच्या नालेसारखी दिसते. शेजारी रांजणाचा काठ होता, बोटाने दाबून काढलेल्या नक्षीचा. त्या खळगीत मी माझी करंगळी ठेवून पाहिली, मावली नाही. बाईचं बोट असेल, नाहीतर पोराचं. खाली ढिगाऱ्यात काचेच्या बांगडीचा तुकडा मिळाला, पिवळ्यावर काळी रेघ.

खान्देशचा इतिहास म्हटलं की आपण थाळनेरचा किल्ला, फारुकी सुलतान आणि 1601 मध्ये अकबराने घेतलेला अशीरगड सांगतो. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख सांगतो, भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याच्या मठाचा. कापूस-ज्वारी पिकवून या सगळ्यांचा सारा भरणाऱ्या माणसाचं घर कसं होतं, हे मात्र कुठल्याच शिलालेखात नाही. ते फक्त या मातीत आहे. 1630 च्या दुष्काळात हे गाव उठलं असावं असं मला वाटतं. ग्रामसभेत ठराव करून माती उचलणं बंद करावं, हे माझं स्पष्ट मत आहे. तुमचं सांगा.

कापूसवाला

भाऊ, ज्या टेकाडाबद्दल लिहिताय तसंच एक माझ्या सातबाऱ्यावर आहे, म्हणून सरळ बोलतो. पांढरीची माती खत म्हणून टाकणं आजचं नाही. माझे आजोबा बैलगाडीने न्यायचे. धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी हीच माती पसरायचे, म्हणून घर गळत नसे. चार ट्रॉल्या टाकल्या तर दोन हंगाम फरक दिसतो. खताच्या गोणीचा भाव तुम्ही भरणार का?

आणि ठराव झाला, कुणी साहेब येऊन गेला, की उद्या तिथे पुरातत्त्व खात्याचा संरक्षित जागेचा निळा बोर्ड लागतो. मग 100 मीटरात विहीर नाही, गोठा नाही. माझं सगळं शेत साडेतीन एकर आहे. टेकाड मधोमध आहे. हिशोब करा.

शिवार वकिली

कापूसवाला दादा, भीती खरी आहे पण कायदा पूर्ण बघा. ती 100 मीटरची बंदी आणि पुढच्या 200 मीटरचं नियंत्रण 1992 च्या अधिसूचनेने आलं, 2010 च्या दुरुस्तीने ते थेट प्राचीन स्मारकांच्या कायद्यात गेलं, आणि ते केंद्राने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या जागांना लागू आहे. जुनी माती सापडली म्हणून जागा आपोआप संरक्षित होत नाही. आधी अधिसूचना निघते, हरकतीला दोन महिने मिळतात.

उलट आज जे चाललंय त्यात धोका जास्त आहे. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत 10 रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. जेसीबीच्या बकेटमध्ये नाण्यांचं मडकं आलं आणि ड्रायव्हरने ते परस्पर नेलं, तर पोलिस आधी कुणाच्या दारात येतील?

कापूसवाला

कागदावर हरकतीचे दोन महिने असतात हो. तालुक्याला चकरा मारणारा माणूस मी असतो.

खापरीवाचक

पुरातत्त्वात शिक्षण झालंय, खान्देशात फिरून खापऱ्या गोळा केल्यात. मी दोघांच्याही विरोधात आहे.

आधी गिरणाकाठ यांना. 1630 चा दुष्काळ भयानक होता यात वाद नाही. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्या वर्षी नोव्हेंबरात सुरतेहून नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरकडे गेला, त्याने वाटेवरची प्रेतं आणि ओस वस्त्या लिहून ठेवल्यात. शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपुरातच होता, त्याने लंगर उघडले, सारा माफ केला. पण प्रत्येक बेचिराख गाव त्याच दुष्काळाच्या नावावर घालू नका. 1802 मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला आणि लगेच 1803-04 चा दुष्काळ आला. इंग्रजांनी 1818 मध्ये खान्देश घेतला तेव्हा कितीतरी गावं ओस होती. त्याखेरीज गिरणेचे पूर आहेत, पटकी आहे, विहिरी आटणं आहे. कधी कधी गाव मरत नाही, फक्त अर्धा कोस सरकतं. बांगडीच्या तुकड्यावरून शतकाचा अंदाज येईल, साल येणार नाही. त्यासाठी थरातला कोळसा हवा, नाणं हवं, आणि ते कुठल्या थरातून आलं हे माहीत हवं. तुम्ही उचललेला तुकडा ढिगाऱ्यातला आहे. तो कुठल्या घरचा, वरचा की खालचा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

आता कापूसवाला यांना. ही माती खत का आहे? शेकडो वर्षं त्यात चुलीची राख पडली, शेण पडलं, हाडं पडली, म्हणून तिच्यात फॉस्फेट भरलंय. आम्ही जुनी वस्ती शोधताना मातीतलं फॉस्फेटच मोजतो. तुमच्या कपाशीला जे लागू पडतं ते म्हणजे ते जुनं गावच आहे.

आपल्याकडे खोदकाम झालंच नाही असंही नाही. गिरणाकाठच्या बहाळला 1952 नंतर एम. एन. देशपांडे यांनी खणलं, तापीकाठच्या प्रकाशाला 1954-55 मध्ये बी. के. थापर यांनी. पण ओढ होती खालच्या थरांची, ताम्रपाषाण काळाची, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायच्या काळाची. वरचे मध्ययुगीन थर म्हणजे खाली पोचायची वाट. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या उठलेल्या गावात 1950 ते 1990, चाळीस उन्हाळे खोदकाम चाललं, ते साध्या शेतकऱ्यांचं गाव आणि घरं समजून घ्यायला. आपल्या एकाही कुणबी गावाच्या वाट्याला असे चाळीस उन्हाळे आले नाहीत, याचं मला मनापासून दुःख आहे.

तरीही सरसकट बंदी मला मान्य नाही. ती टिकत नाही, लोक रात्री माती नेतात. कापलेल्या भिंतीची नोंद करा. फूटपट्टी लावून फोटो, थरांचं रेखाटन, प्रत्येक थरातल्या खापऱ्या वेगळ्या पिशवीत. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे.

माहेर एरंडोल

तुम्ही सगळे माती आणि खापऱ्यांवर बोलताय. माझ्या माहेरचं मूळ गाव असंच उठलेलं आहे. तिथला मारुती आणि मरीआई अजून आमचीच आहे. घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका त्या ओसाड पांढरीत नेऊन ठेवतात. माझ्या भावाचं जावळ तिथेच काढलं. आई पांढरीत चप्पल घालू देत नसे.

म्हणून मला जेसीबीही नको आणि तुमचे खोदकामाचे चौकोनी खड्डेही नकोत. नोंद करायची म्हणजे शेवटी उकरणंच ना? ज्यांची माणसं तिथे राहिली-मेली त्यांना विचारणार की नाही? आत्तापर्यंत इथे कुणीच ते म्हटलेलं नाही.

खापरीवाचक

ताई, चूक झाली. विचारायलाच हवं, आणि तेही आधी. एवढंच सांगतो की कापलेली भिंत नोंदवताना नवीन काही उकरावं लागत नाही, जेसीबीने जे उघडं पाडलंय तेवढंच साफ करून बघायचं असतं. आणि पत्रिकेची ही प्रथा लिहून ठेवा. गाव उठून लोक कुठे गेले, हे खापरी सांगत नाही. ते तुमच्या घराण्यातल्या अशा वाटांवरून कळतं.

तापीथडी (अहिराणीत)

मना आजला सांगे, पांढरी खणी तर घरमा दुख ये. आम्ही आजपावत हात लावा नही. खत मिळस बजारमा, गाव नही मिळस.

कापूसवाला

तुमच्या आजोबांचं वेगळं, माझ्या आजोबांचं वेगळं. माझे माती न्यायचे पण मारुतीपासून वीस पावलं सोडून. ती वीस पावलं आजही सुटलेली आहेत, येऊन बघा.

बंदीला माझा विरोध कायम आहे. पण खापरीवाचक म्हणतात ते फोटो-मोजमाप माझ्या शेतात करायला हरकत नाही. अटी तीन. खापऱ्या गावातच राहतील, शाळेत ठेवा. ज्या घरांची तिथे पूजा आहे त्यांना मी आधी विचारतो, एरंडोलच्या ताईंचं बरोबर आहे. आणि टेकाडाचा उरलेला भाग मी नेणार की नाही, ते माझं मी ठरवीन.

गिरणाकाठ

1630 चं विधान मागे घेतो. तो तुकडाही चुकीचा उचलला, परत नेऊन ठेवून उपयोग नाही हे आता कळलं. ठरावाचा आग्रह मात्र सोडत नाही, कारण दर शेताला तुमच्यासारखा मालक नाही. आमच्याकडची पांढर ज्यांची आहे ते पुण्याला असतात आणि मातीचा सौदा फोनवर होतो.

कापूसवाला भाऊ, तुमच्याकडे पहिली ट्रॉली कधी लागते?

कापूसवाला

कपाशीच्या काड्या निघाल्या की लगेच. म्हणजे फेब्रुवारी. त्याआधी या. सकाळी या, पूर्वेची भिंत आहे, उजेडात थर चांगले दिसतात. मीही कधी कधी बघत उभा राहतो.