एस-1 इतका जास्त, टीमॅक्स इतका कमी: खडक कच्चा की नमुना बिघडलेला?

मृण्मयी_पुणे
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मला खंभात खोऱ्यातल्या एका विहिरीचे कटिंग्ज (ड्रिलिंगमध्ये वर आलेला खडकाचा चुरा) मिळालेत, कॅम्बे शेल या तिथल्या चिखलखडकाचे. रॉक-इव्हॅलमध्ये (खडक तापवून त्यातला सेंद्रिय भाग मोजणारं मशीन) एका नमुन्याचे आकडे असे आले: टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, 1.8 टक्के; एस-1, म्हणजे खडकातलं मोकळं तेल, 6.2; एस-2, म्हणजे तापवल्यावर नव्याने बनणारं, 4.1 (दोन्ही ग्रॅम खडकामागे मिलिग्रॅम); टीमॅक्स, म्हणजे एस-2 चं शिखर येतं ते तापमान, 418 अंश. त्याच्या वरचे-खालचे नमुने 430 ते 433 मध्ये आहेत आणि त्यांचा एस-1 अर्ध्याच्याही खाली. टीमॅक्स इतका कमी म्हणजे खडक कच्चा, तेल बनण्याइतका अजून शिजलेला नाही, तर एवढं मोकळं तेल आलं कुठून? गाइड म्हणतात, नमुना सोडून दे. मला तसं सोडवत नाही.

निवृत्त_केमिस्ट
मृण्मयी, सोडू नकोस. आधी आकड्याऐवजी आलेख उघड. मशीन 300 अंशांवर थांबतं तेव्हा निघतं ते एस-1. मग मिनिटाला 25 अंशांनी तापमान चढतं, केरोजेन (खडकातला घट्ट सेंद्रिय पदार्थ) फुटतं, तो एस-2. पण जड, डांबरासारखा भाग 300 ला निघतच नाही. तो एस-2 च्या सुरुवातीला येतो आणि शिखर डावीकडे ओढतो. तुझ्या आलेखात डाव्या बाजूला फुगवटा असणार, आणि तुझा 418 त्या फुगवट्याचा आहे, खडकाचा नाही. शिवाय एस-1 ला दोन्हींच्या बेरजेने भाग: 0.6 येतो. कच्च्या शेलमध्ये तो 0.1 च्या आत हवा.

आता माझी एक गोष्ट ऐक. आमच्याकडे एकदा एका विहिरीचा टीओसी इतका सुंदर आला की सगळी प्रयोगशाळा खूश. रिपोर्ट सहीला गेला होता. मला चैन पडेना, म्हणून उरलेला चुरा पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून बायनॉक्युलरखाली धरला. शेलच्या राखाडी चपट्या कपच्यांमध्ये तपकिरी, वाकडे, एका बाजूने गुळगुळीत दाणे. चिमट्याने एक उचलून सुईने दाबला तर तो फुटला नाही, दबला. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा! मड (ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवतात तो द्रव) जमिनीत गळायला लागला की हा भुगा भरतात, आणि आम्ही त्याचाच कार्बन मोजत होतो. रिपोर्ट परत आणला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही नमुना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय क्रूसिबलमध्ये (मशीनच्या छोट्या वाटीत) घातला नाही. क्रूसिबलमध्ये जातो जेमतेम चिमूटभर खडक. त्यात एक परका दाणा पुरतो.

तेव्हा उरलेला नमुना धू, 40 अंशांच्या वर वाळवू नकोस, आणि शेलच्या कपच्या हाताने वेच. मान दुखेल, तरी वेच. निम्म्या भागातलं तेल सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं उपकरण) डायक्लोरोमिथेन-मिथेनॉलने काढून घे आणि तो खडक पुन्हा चालव.

मडलॉगर_मेहसाणा
काकांचं बरोबर आहे. माझी भर रिगवरून: शेकरवर (मडमधून चुरा वेगळा करणारी हलती चाळणी) आलेला चुरा बिटच्या टोकापासून वर यायला वेळ लागतो. तो लॅग चुकला की खोलीच चुकते. वरच्या भिंतीचे तुकडेही त्यात पडतात. पण तुमच्या केसमध्ये मला दुसरीच शंका येते. पाइप अडकला की सोडवायला डिझेल घातलेली पिल, म्हणजे खास द्रवाचा एक ठरावीक डोस, विहिरीत सोडतात. रोजच्या ड्रिलिंग रिपोर्टमध्ये त्या खोलीच्या आसपास असं काही आहे का बघा.

मृण्मयी_पुणे
दोघांनाही मनापासून धन्यवाद! आलेखात फुगवटा आहे. अर्क काढल्यानंतर एस-1 0.2 आणि टीमॅक्स 431, म्हणजे शेजाऱ्यांसारखाच. आणि रिपोर्टमध्ये सापडलं: या नमुन्याच्या 4 मीटर खाली पाइप अडकला होता, पिल सोडली होती! काका, एकच विचारते. हे खडकात आधीपासून मुरलेलं तेल नाही, असं खात्रीने लिहू का?

निवृत्त_केमिस्ट
अजून नको. काढलेला अर्क फेकला नसशील तर गॅस क्रोमॅटोग्राफीला (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी) दे. डिझेल असेल तर सगळे उंचवटे मधल्या पट्ट्यात दाटतील आणि साधारण सी-25 च्या (25 कार्बन अणूंच्या रेणूंच्या) पुढे आलेख सपाट होईल. खऱ्या कच्च्या तेलाची शेपटी त्याच्या बरीच पुढे जाते. सोबत पिलचा नमुना मिळाला तर तोही चालव. आलेख इथे टाक, मी बघतो.