मदत हवी आहे: सासरे नाकातली नळी उपटतात, घरी हात बांधावेत का?

नमस्कार, घाईत टाइप करतेय, चुका समजून घ्या. सासरे, वय ८१, स्ट्रोक येऊन गेलाय, उजवी बाजू कमजोर, गिळता येत नाही म्हणून नाकातून राईल्स ट्यूब (पातळ अन्न, म्हणजे फीड, पोटात द्यायची नळी) आणि लघवीला कॅथेटर, अशा अवस्थेत घरी आणलंय. डावा हात चांगला चालतो आणि तिथेच सगळा घोळ आहे. दिवसा बरे असतात पण संध्याकाळ झाली की आपण कुठे आहोत तेच कळत नाही, मला स्वतःची बहीण समजतात, आणि जरा नजर चुकली की नळी बाहेर. मग रात्री सिस्टर शोधा, परत घाला, त्यांचे हाल बघवत नाहीत.

आयसीयूत त्यांचे हात रोलर बँडेजने कठड्याला बांधलेले होते, वळ अजून आहेत, आम्हाला आधी कुणी सांगितलंपण नव्हतं. आता ब्युरोच्या मावशी म्हणतात जुन्या ओढणीने बांधू, सगळीकडे बांधतात. नवऱ्याला ऑनलाइन बोटं झाकणारे जाड मिटन दिसलेत आणि एक छातीवर घालायचं जॅकेटपण आहे, त्याचे पट्टे पलंगाला बांधायचे. यातलं घरी काय चालतं, किती वेळ ठेवायचं? आत्याबाईंना कळलं तर वेगळंच महाभारत, पण ते नंतर बघू.

प्रतिसाद १
मी बरीच वर्षं आयसीयूत सिस्टर होते. ओढणी, साडीची पट्टी, बँडेज अजिबात नको, पेशंटने हिसका दिला की गाठ आवळत जाते, बोटं निळी पडेपर्यंत कुणाचं लक्ष नसतं. आणि जॅकेट घरी आणूच नका. पेशंट त्यात खाली घसरतो, पट्टा गळ्याशी येतो, श्वास कोंडून माणसं गेलेली आहेत असल्या जॅकेटमध्ये. उलटं घातलं तर धोका अजून जास्त.

मिटन चालतील, पण डॉक्टरांना विचारून आणि फक्त डाव्या हाताला, पलंगाला न बांधता. उजवा हात हलतच नाही तर त्याला कशाला. मनगटाच्या वेल्क्रोखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. अर्ध्या तासाने बोटांचा रंग, गारपणा, सूज बघायची, दोन तासांनी काढून हात पुसायचा, बोटं हलवून घ्यायची, नखं कापलेली ठेवा. आणि मिटन घातलंय म्हणून मावशी टीव्हीसमोर, असं नको, माणूस शेजारी हवाच. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा, फीड देताना तर नक्कीच. प्रत्येक फीडच्या आधी नाकपुडीशी नळीवरची खूण बघा, सरकली असेल तर फीड देऊ नका आणि स्वतः आत ढकलू नका.

प्रतिसाद २
सिस्टरताईंशी सहमत. पण बाबा नळी का ओढतात ते आधी शोधा ना. माझ्या आईचं संध्याकाळचं बरळणं आम्ही वयावर ढकलत होतो, निघालं युरीन इन्फेक्शन, सोडियमपण कमी होतं. बद्धकोष्ठता, कॅथेटर तुंबणं, झोपेची गोळी, काहीही असू शकतं. चष्मा आणि कानाचं मशीन लावता का? आमच्याकडे दोन्ही हॉस्पिटलच्या पिशवीतच पडून होतं. कॅथेटर अजून लागतोय का तेपण विचारा, आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या, नळी बरेच आठवडे लागणार असेल तर पेग ट्यूबचा, म्हणजे पोटावरून थेट जठरात घालायच्या नळीचा, विचार करतात.

बाकी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ९७ आहे, मानसोपचाराच्या संस्थांसाठी. स्टाफ कमी आहे म्हणून पेशंटला बांधायचं नाही, शिक्षा म्हणून तर नाहीच. तुमच्या घराला ते लागू नाही पण मावशींना ऐकवायला बरं.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. कानाचं मशीन कपाटात सापडलं, सेल संपलेला, लगेच बदलला. लघवी गढूळ दिसतेय, सकाळी टेस्टला देतोय. मावशींना ओढणीचं नाव काढायचं नाही असं सांगितलंय, त्या जरा फुगल्यात. रात्री त्या आणि नवरा आळीपाळीने बसणार. एकच विचारायचं होतं, मिटन पूर्ण कापडी घ्यावं की जाळीवालं? आणि दिवसा ठेवायचं का?

प्रतिसाद १
जाळीवालं. बोटं दिसतात आणि घाम कमी. दिवसा शुद्धीत असतात तेव्हा काढून ठेवा, हातात जपमाळ, रुमाल, काहीतरी द्या, रिकामा हात नाकाकडे जातो. नळी गालाला चिकटवून कानामागून मागे न्या म्हणजे डोळ्यांसमोर लोंबत नाही, पण ताण येऊ देऊ नका. आणि मिटन घालण्याआधी बाबांना सांगा, कळो न कळो. तरी फारच झटापट करायला लागले तर जबरदस्ती न करता काढा आणि डॉक्टरांना फोन करा.