मदत हवी आहे: टोकियोत मित्राकडे राहावं की तिथल्याच शिंजुकू भागात हॉटेल? (आज रात्रीपर्यंत सांगा)

घाईवाला: शिंजुकूचं हॉटेल फुकटात रद्द करायची मुदत आज रात्री १२ पर्यंत आहे. मित्र म्हणतो, हॉटेल कशाला, घरी या, शहर मी दाखवतो. नेटवर मात्र जो तो शिंजुकूच सांगतोय. जे तिकडे राहिलेत त्यांनीच लिहा. काय बघायचं त्याची यादी नको, ती तयार आहे.

कासाईकर: मित्र राहतो कुठे? टोकियोशेजारच्या साइतामात राहणारेही गावी फोनवर "टोकियोत असतो" म्हणतात. तारखा? किती जण? उतरणार नारिताला की हानेदाला? नारिता शहरापासून साठेक किलोमीटर आहे, हानेदा शहरातच.

रेल्वेप्रेमी: आधी जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा पास घ्या, डोळे झाकून. आम्ही सात दिवसांचा घेतला होता, शिंकानसेन बुलेट ट्रेनने क्योतो, हिरोशिमा, सगळं झालं. पैसा वसूल.

खवचट_काका: रेल्वेप्रेमी, तुमचा पास कुठल्या सालचा? ऑक्टोबर २०२३ ला सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. शिवाय तो मेट्रोत चालत नाही. गृहस्थ टोकियो म्हणतायत, तुम्ही त्यांना हिरोशिमाला कुठे नेताय?

रेल्वेप्रेमी: टोकियोतल्या यामानोते लाईनवर चालतो की. जेआरचीच आहे ती.

खवचट_काका: हो, दीड-दोनशे येनच्या तिकिटासाठी पन्नास हजारांचा पास. घ्या.

घाईवाला: पास वगैरे राहू द्या हो. मित्र निशी-कासाईला आहे, टोकियोतच. हानेदा. दोघंच आहोत.

मुग्धा_ठाणे: दोघंच म्हणजे कोण? नवरा-बायको असाल तर सरळ हॉटेल ठेवा. 🙂

घाईवाला: मी आणि आई. त्याने काय फरक पडतो?

मुग्धा_ठाणे: त्यानेच तर पडतो! वय? गुडघे? खाणं?

घाईवाला: ७१. जिने जमत नाहीत. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.

कासाईकर: हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं ना राव! मग सविस्तर सांगतो. शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर एक्झिट आहेत. लिफ्ट आहेत, पण हव्या त्या एक्झिटला असेलच असं नाही, आणि चुकीच्या बाजूने वर आलात की काकूंना पुन्हा अर्धा किलोमीटर चालवावं लागणार. निशी-कासाई छोटं स्टेशन आहे. तोझाई लाईनने ओतेमाचीपर्यंत पाव तास धरा, तिथून चार मेट्रो लाईन बदलता येतात. मात्र ओतेमाचीला बदलताना आतल्या आतच बरंच चालणं होतं, काकूंना सावकाश न्या. सकाळी आठ-नऊला तोझाईत अजिबात शिरू नका. तिथली गर्दी जपानभर प्रसिद्ध आहे. दहानंतर निघा.

खाण्याचं म्हणाल तर भाजीच्या सूपमध्येसुद्धा दाशी असते, म्हणजे सुक्या माशाचं पाणी. वाढणाऱ्याला ते मांसाहारात वाटतच नाही. निशी-कासाईत २००० सालच्या सुमारास संगणकवाले भारतीय यायला लागले, त्यामुळे तूरडाळ, कणीक, हिंग सगळं मिळतं. एक वेळ घरचं जेवण मिळालं तर काकू खूश राहतील.

पुणेरी_पगडी: निशी-कासाई म्हणजे एदोगावा वॉर्ड! आपले योगेंद्र पुराणिक २०१९ ला तिथल्याच वॉर्डच्या सभागृहात निवडून आले होते. पुण्याचा माणूस!

खवचट_काका: आता पुण्याने टोकियोही घेतलं.

भटक्या७७: आमचा अनुभव लंडनचा आहे, पण सांगतो. मित्राकडे राहिलात की त्याच्या वेळेने फिरावं लागतं. तो अकराला उठणार, मग चहा, मग पोहे, दोनला बाहेर. हॉटेल ठेवा. तिथे ऑयस्टर कार्ड जरूर घ्या.

खवचट_काका: टोकियोत लंडनचं ऑयस्टर कार्ड दाखवा आणि काय होतं ते इथे लिहा.

कासाईकर: 😄 इथे सुइका किंवा पासमो, भाड्याचे पैसे भरून ठेवायचं कार्ड. फोन कुठला आहे? आयफोन असेल तर सुइका त्यातच निघतं. भारतात घेतलेल्या ॲन्ड्रॉइडवर चालत नाही, हानेदालाच कार्ड घ्या. ते रोख पैशांनी भरता येतं. आणि तारखा राहिल्याच.

घाईवाला: ॲन्ड्रॉइड. २८ एप्रिल ते ५ मे. मित्राला नेमकी तेव्हाच सुट्टी आहे, म्हणून तर ठरवलं.

कासाईकर: अहो, नेमकी त्याला नाही, अख्ख्या जपानला सुट्टी आहे! गोल्डन वीक. २९ एप्रिलपासून ५ मेपर्यंत सुट्ट्यांची रांग असते. हॉटेलं महाग, शिंकानसेन भरलेल्या. सुट्टीच्या दिवशी ऑफिसवाले नसतात, तेव्हा तोझाई मोकळी मिळेल. मधल्या कामाच्या दिवशी माझं दहाचं लक्षात ठेवा. क्योतोचा बेत असेल तर सोडा. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, तोवर संपलेला असतो, ते काकूंना आधीच सांगा. पण कामेइदोच्या देवळातले फुजीच्या (विस्टेरियाच्या वेलीच्या, डोंगर नव्हे) निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस एप्रिलअखेर बघण्यासारखे असतात, त्या वर्षीच्या हवेवर आहे. मित्राला विचारा, त्याच्याकडून जवळ आहे.

रेल्वेप्रेमी: म्हणून तर पास आधी काढायचा असतो.

मुग्धा_ठाणे: सगळे बोलले, पण मित्राच्या बायकोला कोणी विचारलं का? वर्षातली तिची एकुलती एक मोठी सुट्टी, टोकियोतलं दोन खोल्यांचं घर, आणि आठवडाभर पाहुणे?

घाईवाला: तो म्हणतो तिला काही प्रॉब्लेम नाही.

मुग्धा_ठाणे: "तो म्हणतो" 🙄

कासाईकर: मुग्धाताईंचा मुद्दा बरोबर आहे. इथली घरं खरंच लहान असतात. शिंजुकू रद्द करा, निशी-कासाई स्टेशनजवळच हॉटेल बघा. रात्री झोपायला हॉटेल, संध्याकाळचं जेवण मित्राकडे. वहिनींशी स्वतः फोनवर बोला, मित्रामार्फत नको.

घाईवाला: बघितलं. त्या तारखांना तिकडे एकच खोली दिसतेय, धूम्रपानवाली. आईला चालणार नाही. साडेदहा वाजलेत, जपानात आता दोन. फोन कसा करू?

भटक्या७७: लंडनला हा प्रश्न येत नाही, तिकडे आपल्या रात्री संध्याकाळ असते.

मुग्धा_ठाणे: मेसेज टाकून ठेवा वहिनींना. आणि आज काहीच रद्द करू नका.

पुणेरी_पगडी: वहिनी पुण्याच्या आहेत का?