२६ शेळ्यांमधल्या ८ कमी करायच्यात, कुठल्या काढू?

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी. मी राहतो मुलुंडला, नोकरी इथेच, आणि मुरबाडच्या पुढे आमच्या जागेत शेळ्या आहेत, रोजचं काका बघतात, मी शनिवार-रविवार जातो. माद्या २६ झाल्यात, बहुतेक उस्मानाबादी, काही गावठी क्रॉस. शेड आणि चारा बघता पावसाळ्यात १८ च्या वर नीट सांभाळणं होणार नाही. काका म्हणतात म्हाताऱ्या आणि बारीक दिसणाऱ्या काढ, व्यापारीपण त्याच मागतोय, पण त्या बारीक दिसणाऱ्यातल्या दोघी दर वेताला जुळी देतात हो, म्हणून मला पटेना. कानात बिल्ले आहेत, विण्याच्या तारखा वहीत आहेत, वजनं नाहीत. मटणासाठी जाणार त्यामुळे एकही गाभण जायला नको. सुरुवात कुठून करू?

वसईची_शेळीवाली:
दादा त्या दोघींना अजिबात हात लावू नका!! जुळ्यांना पाजणारी शेळी बारीक दिसणारच, तिचं सगळं दुधात जातं. उलट कळपातली सगळ्यात तुकतुकीत, गोल शेळी आधी वहीत शोधा, बऱ्याचदा ती दोनदा बोकडाला दाखवूनही उलटलेली (गाभण न राहता परत माजावर आलेली) असते नाहीतर तिची करडं जगलेली नसतात, आणि आपण म्हणतो काय मस्त जनावर आहे. साधा हिशोब असा की शेळीने वर्षभरात किती करडं तीन महिन्यांची करून दिली. किती झाली ते नाही, किती जगवली ते. गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यामुळे चांगली शेळी दोन वर्षांत तीनदा विते, जिच्या दोन वेतांत वर्षाच्या वर अंतर पडतंय आणि आजारपणाचं कारण नाही तिच्या नावापुढे खूण करा.
मग कास बघा, नुसती नजरेने नाही, हाताने दाबून. कासदाह होऊन एक बाजू दगडासारखी झाली असेल तर जुळ्यातलं एक उपाशी राहतं, ती काढायच्या यादीत. करडाला जवळ न घेणारीला पहिल्या वेताला माफ, दुसऱ्यालाही तेच केलं तर नाही.
वयाचं म्हणाल तर आठ दाती झाली म्हणजे म्हातारी नाही, चारेक वर्षांची असते, तिसऱ्या-चौथ्या वेताला तर शेळी ऐन भरात असते. दात झिजले, पडले आणि चारा नीट चावता येत नाही तेव्हा वय मोजा.

बदलापूर_फार्म:
ताईंना +१. आपल्या पट्ट्यातलं एक ॲड करतो. उस्मानाबादी मूळची कोरड्या भागातली, आपल्याकडच्या पावसात जंत आणि खूर दोन्ही तिला त्रास देतात, पण सगळ्यांना सारखे नाही. पापणीची आतली बाजू बघत जा, लाल असेल तर ठीक, पांढरट पडली तर रक्त पिणारे जंत वाढलेत. पावसाळ्यात ज्या शेळीला परत परत औषध द्यावं लागतं ती बाकीच्यांच्या चराईतही जंत पसरवत असते आणि तिच्या पाठीही (न व्यालेल्या तरुण माद्या) पुष्कळदा तशाच निघतात. माझ्या मते ही शेळी जुळी देत असली तरी जावी. आणि जंताचं किंवा अँटिबायोटिक औषध दिलेलं असेल तर लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत मटणाला द्यायची नाही, खाणारी माणसंच आहेत.

मुलुंडकर:
हे दोन्ही डोक्यात नव्हतं, थँक्यू. एक शेळी शेवटच्या महिन्यात गाभडली होती (गर्भ पडला), तिचं काय करावं? आणि गाभण आहे की नाही हे काकांना हाताने कळत नाही.

परळवाला_पशुवैद्य:
गाभडलेली शेळी आजच वेगळी बांधा, आणि डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या. ब्रुसेला (गाभडवणारा जंतुसंसर्ग) निघाला तर तो माणसालाही होतो, त्यामुळे वार (विताना पडणारी झार), मेलेलं करडू उघड्या हाताने उचलायचं नाही, तिचं दूध न उकळता प्यायचं नाही. रिपोर्टशिवाय ती मटणाला तर नाहीच पण दुसऱ्या शेतकऱ्यालाही विकू नका, आजार आख्ख्या कळपात जातो.
गाभणचं सोपं आहे. यादीतल्या शेळ्या आत्ताच बोकडापासून तोडा. साधारण २१ दिवसांनी माज येतो, त्या वेळात माजावर आली ती रिकामी. जी आली नाही ती गाभणच असेल असं नाही, तिची दीड महिन्याने सोनोग्राफी करून घ्या. गाभण निघाली तर विऊ द्या, करडांचं दूध सुटलं की मग ठरवा. व्यापारी घाई करेल, करू दे.

मुलुंडकर:
बरं. आणि घरच्या चार पाठी आहेत, दिसायला सुंदर, त्या ठेवून मोठ्या काढू का? बोकड दोन वर्षांपासून तोच आहे.

वसईची_शेळीवाली:
पाठ दिसण्यावर नाही, आईच्या वहीवर ठेवायची. त्या दोन बारीक शेळ्यांच्या असतील तर डोळे झाकून ठेवा. पण त्यांचा बापच कळपात आहे ना, मग पाठी भरायच्या आधी बोकड बदला, नाहीतर बाप-लेकीची करडं होतील, कमी वजनाची, जगायला कच्ची. १८ माद्यांना एक बोकड पुरतो, फक्त तो जुळ्यातला आणि बाहेरच्या कळपातला बघा. काकांना वही वाचून दाखवा, लटकवायचा ताणकाटा घेऊन या वेतापासून करडांची वजनंही लिहा. आठच्या आठ आत्ताच सापडायला हव्यात असं नाही, पाच पक्क्या निघाल्या तर पाच काढा, बाकीच्या तिघींना पुढच्या वेतापर्यंत मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) विकत घेऊन सांभाळलं तरी चालेल, चुकून चांगली शेळी गेली तर तशी बाजारात सहज मिळत नाही.