मदत हवी आहे: टार्गेटेड गोळी पहिल्यापासूनच का लागू पडत नाही?

काकांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर (पेशीला वाढायचा सिग्नल देणारं जनुक) म्युटेशन, म्हणजे त्या जनुकात बदल, निघालं, म्हणून तो सिग्नल रोखणारी ऑसिमर्टिनिब ही टार्गेटेड गोळी सुरू केली. पहिल्याच स्कॅनमध्ये गाठ वाढलेली! औषध कालांतराने निकामी होतं हे ऐकून होतो, पण सुरुवातीपासूनच?

वाचलं त्यावरून, ईजीएफआर म्युटेशनचे एक्झॉन १९ डिलीशन (जनुकाच्या १९व्या भागातला तुकडा गळणं) आणि एल८५८आर (एकाच जागचा बदल) हे प्रकार गोळ्यांना चांगली दाद देतात. एक्झॉन २० इन्सर्शन (२०व्या भागात जादा तुकडा घुसणं) सहसा देत नाही, कारण औषध बसायची जागाच अरुंद होते. एमईटी या वाढीचा सिग्नल देणाऱ्या दुसऱ्या जनुकाच्या जादा प्रती असतील तर पेशी दुसऱ्या वाटेने वाढते. पेशीला मरायला लावणारं बिम प्रथिन कमी पडलं तर सिग्नल बंद होऊनही पेशी मरत नाही (हे तर चक्रावून टाकणारं).

रिपोर्टमध्ये नुसतं 'ईजीएफआर पॉझिटिव्ह' आहे, प्रकार लिहिलेलाच नाही. डॉक्टरांकडे काय मागू, पुन्हा बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) की रक्तावरून एनजीएस (एकाच वेळी अनेक जनुकं वाचणारी तपासणी)? जाणकारांनी कृपया सांगावं.